साक्षगंधाला आले अन् नवरी घेऊन गेले

आमच्याकडे दर उन्हाळ्यात एक बातमी ठरलेली असते. गावाचं नाव बदलतं, फोटोतली माणसं बदलतात, मजकूर मात्र मागच्याच वर्षीचा. ‘साक्षगंधातच उरकला विवाह, अनावश्यक खर्चाला फाटा, दोन्ही कुटुंबांचा आदर्श निर्णय.’ साक्षगंध म्हणजे साखरपुडा. खाली सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्त समितीचे अध्यक्ष, दोन निवृत्त गुरुजी यांची नावं. नवरदेव पदवीसकट. नवरी नुसती ‘यांची कन्या’.

2025 च्या फेब्रुवारीत ही बातमी आमच्या घरची होती. कन्या म्हणजे माझी धाकटी बहीण. मजकुरात मीही होतो, ‘वधूच्या बंधूंनी पुढाकार घेतला’ एवढाच. त्या कात्रणाचा फोटो अजून नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून येतो आणि खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागते. मला त्या पुढाकाराबद्दल बोलायचं आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं. तूर घरात आली होती, हरभरा उभा होता. पाहुणे अकोटकडचे, दीडशेक माणसं. अंगणात मांडव, आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी, मठ्ठा. टिळा झाला, साडी-अंगठी झाली, ओटी भरून झाली. दुसरी पंगत बसली होती तेव्हा मुलाच्या मामांनी हात धुता धुता विषय काढला. “मी काय म्हंतो भाऊ, पोरं एकमेकाले पसंत हायेत. मांडव हाये, जेवन हाये, सारे सोयरे हायेत. मंग पुन्हा तीन-चार लाख मातीत घालाचे काहून? लावून टाकू आजच.”

कडुलिंबाखाली बैठक बसली. वीस मिनिटं चालली असेल. बाबा माझ्याकडे पाहत होते आणि मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. तो हिशेब पुढे सांगतो. मग आमचे मामा, गुरुजी, मुलाकडचे दोघं आणि मी, असे पाच पुरुष आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिलो. आत बायांची गर्दी. मामा म्हणाले, “काय वं माय, पाव्हने म्हंतात आजच आटपून टाकू. चालते ना तुले?” तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई दाराच्या चौकटीकडे पाहत होती. बहिणीची मान हलली. उभी हलली की आडवी, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी वळलो आणि मांडवात जाऊन सांगितलं, “हो म्हनते.” पुढाकार तो एवढा.

चारच्या आत लग्न लागलं. आहेरातल्या नव्या टॉवेलाचा अंतरपाट झाला. त्याच्या कोपऱ्यावरचं किमतीचं लेबल गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू असतानाच नखानं खरवडून काढलं. घरचीच ज्वारी हळदीत कालवून अक्षता केल्या. सहाला ती गेली. अंगावर साक्षगंधाची साडी, हातात ओटीचा नारळ. दुसऱ्या दिवशी सकाळी आई न्हाणीत गेली तर बादलीत बहिणीचे कपडे. पाहुणे गेल्यावर धुऊ म्हणून तिनं आदल्या सकाळी साबणात भिजत घातलेले. आईनं ते धुतले, दोरीवर टाकले आणि तिथंच पायरीवर बसून राहिली. मी शेतात निघालो होतो, चप्पल घालता घालता पाहिलं. बोललो काही नाही.

एक गोष्ट मला आठेक दिवसांनी खटकली. बाशिंगं कुठून आली? आमच्या गावात ती मिळत नाहीत. मंगळसूत्रही तयार होतं. दोन्ही वस्तू मुलाकडच्या गाडीच्या डिक्कीतून निघाल्या होत्या. जावयांना सहज विचारलं तर ते सरळपणे म्हणाले, “मामा तं आठ दिवसांपासून म्हनत होते, जमलं तं तिथंच उरकू.” माणूस चांगला आहे, त्यात काही लपवायचं असतं हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. म्हणजे मामांना ठाऊक होतं, नवरदेवाला ठाऊक होतं, गाडीच्या ड्रायव्हरलाही असावं. लग्न अचानक झालं ते फक्त आमच्या घरी, आणि आमच्या घरातही सगळ्यात अचानक झालं ते तिचं.

लग्न कमी खर्चात व्हावं, साक्षगंध आणि लग्न एकाच मांडवात व्हावं, याला माझी काहीच हरकत नाही. पण ज्या पोरीचं लग्न आहे तिला ते दोन तास आधी कळतं आणि पाच पुरुष दारात उभे राहून तिला विचारतात, याला आपण आदर्श म्हणतो, शाल-श्रीफळ देतो, पेपरात छापतो. हे थांबवलं पाहिजे.

आता तो हिशेब, कारण तो खोटा नव्हता. बाबांनी लग्नासाठी साडेतीन लाख धरले होते. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि बाजारात हाती पडत होते चार हजारांच्या आसपास. साडेतीन लाख म्हणजे 87 क्विंटल. आमची सहा एकर कोरडवाहू, एकरी पाच क्विंटल झालं तर देव पावला म्हणायचं. म्हणजे जवळपास तीन वर्षांचं अख्खं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, मजुरी यातलं काहीच वजा न करता. आमच्या भागात ज्या घरात शेतकऱ्यानं जीव दिला तिथं बसायला गेलं की बँकेच्या कर्जाखालोखाल पोरीच्या लग्नाचं कर्ज निघतं. शेंडगावच्या गाडगेबाबांनी कर्ज काढून सण-लग्न करू नका म्हणून कीर्तनं केली, मोझरीला बसून तुकडोजी महाराजांनी तेच सांगितलं. दोघंही आमच्याच जिल्ह्यातले. तेव्हा पैशाचा मुद्दा मला कुणी शिकवू नये आणि मीही तो कुणाला हसणार नाही.

फक्त हे विचारावंसं वाटतं की साक्षगंध एवढं फुगवलं कुणी? माझ्या आत्याचं साक्षगंध झालं तेव्हा वीस माणसं, चहा आणि चिवडा होता. आता साक्षगंधालाच मांडव, आचारी, बॅनर, ड्रोन. आधी आपणच एका लग्नाची दोन लग्नं केली, आता त्यातलं एक वाचवलं म्हणून स्वतःचे सत्कार करून घेतो. आणि वाचलेला पैसा दर वेळी पोरीच्या बापाकडेच राहतो असंही समजू नका. ओळखीतल्या एका घरी ‘तुमचा तं खर्च वाचला’ या एकाच वाक्यावर पुढच्या दिवाळीत मोटारसायकल गेली. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे, पण वाचलेल्या खर्चाला हुंडा कोण म्हणणार?

कोरोनानं या प्रथेला जोर दिला हेही खरं. एप्रिल 2021 मध्ये सरकारी आदेश होता, लग्नाला 25 माणसं आणि सगळा सोहळा दोन तासांत, मोडला तर 50 हजार दंड. लोकांनी पाहिलं, दोन तासांतही लग्न लागतं, आभाळ कोसळत नाही. चांगलं झालं. पण तेव्हा माणसं कमी होती, तारीख मात्र आधी ठरत होती. नवरी सकाळी उठायची ती नवरी म्हणूनच.

साक्षगंध आणि लग्न यांच्यामध्ये जे दोन-तीन महिने असायचे ते आपण वाया गेलेला वेळ समजतो. आमच्याकडे घरचं सोयाबीन बियाणं कुणी तसंच पेरत नाही. 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवडाभर पाणी शिंपडायचं, 70 च्या वर उगवले तर पेरायचं. कृषी सहायक बांधावर येऊन हेच सांगतो आणि म्हातारेही मान डोलावतात. लेकीच्या बाबतीत तो आठवडा आपल्याला जड होतो. साक्षगंधानंतर पोरं-पोरी फोनवर बोलायची. त्यातून एखाद्याची कंपनीतली ‘परमनंट’ नोकरी कंत्राटी निघायची, एखाद्याच्या सात-बारावर बोजा निघायचा, एखादा संध्याकाळी सातनंतर फोनच उचलायचा नाही. दहातली एखादी सोयरीक मोडायची. त्या वेळी बोंबाबोंब व्हायची, पण पोरगी आपल्याच घरात असायची. आता हे सगळं अक्षता पडल्यावर कळतं. मग मोडायला कोर्ट लागतं.

विदर्भात तर आणखी एक कारण आहे आणि ते रक्तातलं आहे. सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, इकडे मेळघाट, सगळीकडे हा आजार आहे. वाहक, म्हणजे ज्याच्या रक्तात दोष असतो पण आजार नसतो, असा माणूस धडधाकट असतो, कापूस वेचतो, कबड्डी खेळतो, तोंडावरून काहीच कळत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता 25 टक्के. 2023 मध्ये केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं. त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडच्या आरोग्यसेविका घसा सुकेपर्यंत सांगतात, पत्रिका जुळवण्याआधी रक्त जुळवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी चाचणी होते, शंका आली तर नमुना पुढच्या पक्क्या तपासणीला जातो आणि अहवालाची वाट पाहावी लागते. कडुलिंबाखालच्या वीस मिनिटांत तो अहवाल कुठून येणार? माझ्या बहिणीची तपासणी लग्नानंतर सहा महिन्यांनी झाली, तीही मी मागे लागलो म्हणून. निघालं काही नाही. तो फासा आमच्या बाजूनं पडला इतकंच.

वयाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. गावात बालविवाह थांबतो तो बहुतेक वेळा लग्नपत्रिकेमुळे. पत्रिका छापली जाते, अंगणवाडी सेविकेच्या हाती पडते, कुणीतरी 1098 या चाइल्डलाइनच्या नंबरला फोन करतं, ग्रामसेवक दारात येऊन उभा राहतो. ज्या लग्नाची पत्रिकाच नाही, सकाळी अकरापर्यंत जे लग्नच नव्हतं, ते थांबवायला कोण कधी येणार? घाईचं लग्न लावणारे सगळेच लबाड असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्याला लबाडी करायची त्याला ‘साक्षगंधातच आदर्श विवाह’ यासारखा दुसरा आडोसा नाही, एवढंच.

आणि गंमत पाहा. घाई हीच आपल्याला आवडत असती तर पळून जाऊन लग्न करणाऱ्यांची आपण मिरवणूक काढली असती. त्यांच्याइतक्या कमी खर्चात कोण लग्न करतं? दोन हार, चार मित्र, एसटीची तिकिटं. पण तिथं घाई झाली की बापाचं नाक कापलं जातं. तंटामुक्त गाव मोहीम 2007 मध्ये सुरू झाली तेव्हापासून आमच्या विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, या समित्यांनी कितीतरी प्रेमी जोडप्यांची लग्नं लावून दिली आहेत. त्यांची पद्धत पाहण्यासारखी असते. जोडपं अर्ज देतं. समिती दोघांचे वयाचे दाखले मागते. दोघांना समोर बसवून विचारते, कुणाच्या दबावाखाली तर नाही ना? दोघांकडून लिहून घेते, सह्या घेते, घरच्यांना निरोप धाडते. मग ग्रामपंचायतीसमोर नाहीतर मारुतीच्या देवळात हार घालते. उत्तम काम. पण त्याच समितीचे अध्यक्ष आमच्या मांडवात पहिल्या खुर्चीवर होते. त्यांनी दाखला मागितला नाही, लिहून घेतलं नाही, बहिणीचं तोंडही पाहिलं नाही. जिनं स्वतःच्या मनानं नवरा निवडला तिला आपण चारदा विचारतो, तुझ्या मनानं ना? जिच्यासाठी दुसऱ्यांनी निवडला तिला एकदाही नाही.

कायद्यातही हाच तिढा आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात आधी सूचना देण्याची काही अट नाही. रीतीप्रमाणे विधी झाले, वयं बसली, की लग्न झालं. फसवून किंवा बळजबरीनं संमती घेतली असेल तर लग्न रद्द करायला कोर्टात जाता येतं, तेही साधारण वर्षाच्या मुदतीत. मान हलली होती की नाही यावर कोणती नवरी वर्षभरात वकील लावणार? 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर 30 दिवस आधी नोटीस, ती कार्यालयात लावली जाणार, कुणीही येऊन आक्षेप घ्यावा. आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्यांचा या 30 दिवसांत किती छळ होतो ते सगळ्यांना माहीत आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयानं 2021 मध्ये ही जाहीर नोटीस ऐच्छिक ठरवली ती त्याचसाठी. मला ती नोटीस सगळ्यांना लावा असं म्हणायचं नाही. पण त्या कायद्यात एक फार चांगली गोष्ट आहे. नवरा आणि नवरी दोघांनी अधिकाऱ्यासमोर, तीन साक्षीदारांसमोर, स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं की मी तुमचा स्वीकार करतो, करते. मान हलवून चालत नाही. भाऊ मांडवात जाऊन ‘हो म्हनते’ म्हणू शकत नाही.

हे काही परकं नाही. 1873 मध्ये सत्यशोधक पद्धतीनं लग्न लागायला सुरुवात झाली तेव्हा जोतीरावांनी भटजी काढला तसा नवरीच्या तोंडावरचा पदरही काढला. त्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांना बोलतात, वचनं मागतात. आमच्याच गावात बौद्ध वाड्यातली लग्नं मी लहानपणापासून पाहतो. त्रिशरण-पंचशील होतं, नवरा-नवरी सगळ्यांसमोर प्रतिज्ञा म्हणतात. आवाज बारीक असतो, माइक खरखरतो, पण नवरीचा आवाज मांडवात ऐकू येतो. आमच्या मांडवात त्या दिवशी डीजेवाल्याचा ऐकू आला, मामांचा आला, माझा आला.

‘शुभमंगल सावधान’ ऐकून जांबचा नारायण बोहल्यावरून पळाला आणि पुढे समर्थ झाला, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. पोरगी पळाली असती तर संध्याकाळी ठाण्यात मिसिंग दाखल झाली असती.

मला लोक म्हणतात, “सुखात हाये ना पोरगी? मंग कायचा राग धरतं?” आहे सुखात. जावई दारू पीत नाहीत, बी.एड.ची परीक्षा तिनं सासरहून येऊन-जाऊन दिली, सासू पहाटे उठून तिला डबा करून द्यायची. म्हणूनच हे लिहिता येतं. ती दुःखात असती तर लोकांनी तिच्या नशिबाला बोल लावला असता आणि प्रथा पुन्हा मोकळी सुटली असती. मागच्या पोळ्याला ती माहेरी आली होती तेव्हा मी धीर करून विचारलं, तू त्या दिवशी खरंच हो म्हणाली होतीस का? ती कणीक मळत होती. म्हणाली, “नाई म्हटलं असतं तं बाबाचा चेहरा दीडशे मानसाईनं पाह्यला असता. मंग काय म्हनाव मानसानं?” मग परातीतला गोळा उलटा करत म्हणाली, “मले फक्त अगुदरच्या रात्री सांगाले पाह्यजे होतं. मी आईजवळ झोपली असती.”

तिची मागणी इतकी लहान आहे की मला तिची लाज वाटते, म्हणजे माझी. साक्षगंधातच लग्न करायचं तर करा ना. पण ते सोयरीक जुळतानाच ठरवा, दोन्ही घरांनी, पंधरा दिवस आधी. त्या पंधरा दिवसांत रक्त तपासून होतं, दाखले पाहून होतात, एकमेकांशी चार गोष्टी बोलून होतात आणि एक पैसाही जास्त लागत नाही. पोरीला विचारायचं ते तिच्या मावशीनं, मैत्रिणीनं, चुलीपाशी, जिथं ‘नाही’ म्हटलं तर फक्त एकाच माणसाला ऐकू जाईल. आणि मांडवात कुणी हात धुता धुता ‘आजच उरकू’ म्हणालं, तर तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांनी प्रेमी जोडप्यासाठी काढतात तोच कागद खिशातून काढावा आणि म्हणावं, आज नाही, उद्या सकाळी. मांडव एका रात्रीत उडून जात नाही. बुंदी तर दुसऱ्या दिवशी जास्तच चांगली लागते.

बातमी देणाऱ्यांनाही एक विनंती. अशा लग्नाचं कौतुक छापायचं असेल तर नवरीला फोन करा, तिचं नाव घाला आणि तिला कधी कळलं ते विचारा. उत्तर ‘आजच दुपारी’ असेल तर मथळ्यातला ‘आदर्श’ तेवढा काढून टाका. बाकी मजकूर राहू द्या.

पुढच्या महिन्यात माझ्या चुलत बहिणीचं साक्षगंध आहे. काकांनी दोनशे माणसांचा मांडव सांगितला आहे, पाहुणे मूर्तिजापूरकडचे. परवा बहिणीचा फोन आला. “दादा, मी दोन रोज अगुदर येते. काकूले सांग, तिची बॅग भरून ठेवू. लागली तं लागली.” मी बरं म्हटलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, “अन् पाव्हने आले का त्यायच्या गाडीची डिक्की तेवढी तू पाहून घेजो.”